कॅटलॉग ते चॅटबॉट : गुरुजींच्या हातातल्या यंत्रांचा इतिहास

"गुरुजी शाळेत मोबाईलवरच असतात."

जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल सध्या गावोगाव ऐकू येणारी ही सगळ्यात मोठी तक्रार. ग्रामसभेत होते, पारावर होते, आमच्यासारख्या बातमीदारांना फोन करूनही होते. तक्रार खोटी नाही. गुरुजी मोबाईलवर असतात, मॅडमही असतात. पण ते तिथं नक्की काय करत असतात आणि तो मोबाईल शाळेच्या कामासाठी त्यांच्या हातात आला कसा, हे फारसं कुणी विचारत नाही. त्याच्यामागं जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांची पोरं मराठी शाळेत जातात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

सुरुवात कागदापासून करू. १८५४ चा वुडचा खलिता आला आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खातं उभं राहिलं. खातं आलं की साहेब आला, साहेब आला की तपासणी आली. आपले आजे-पणजे ज्याला 'दिपोटी' म्हणायचे तो डेप्युटी इन्स्पेक्टर घोड्यावरून नाहीतर बैलगाडीतून शाळा तपासायला यायचा. पुढे मुलांच्या परीक्षेचा निकाल बघून शाळेला अनुदान द्यायची पद्धतही आली. त्यामुळे हजेरीचा कागद आणि निकालाचा कागद यांना पैशाची किंमत आली. आजही शिक्षक हजेरीपटाला 'कॅटलॉग' म्हणतात. हा शब्द त्या इंग्रजी अमदानीतून आपल्याकडं राहिला.

मास्तरकडं शिकवण्याखेरीज इतर कामं देणं हेही तेव्हाचंच. खेड्यात लिहिता-वाचता येणारा आणि सरकारचा पगार घेणारा माणूस एकच असायचा. म्हणून कितीतरी गावांत पोस्टाची शाखा शाळामास्तराच्याच गळ्यात असायची. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला तरुण मास्तर आठवा. पोरांना शिकवता शिकवता तो गावकऱ्यांची नाना कामं अंगावर घेतो. पण त्या कामांमुळं तो गावाच्या जवळ जातो. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आणि अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. तेव्हा माहिती शाळेच्या कपाटात असायची. ती बघायची तर साहेबाला शाळेपर्यंत यावं लागायचं. आला की त्याला गळकं छप्परही दिसायचं आणि एका खोलीत बसलेले चार वर्गही दिसायचे.

स्वातंत्र्यानंतर पहिलं खरंखुरं यंत्र शाळेत आलं ते म्हणजे रेडिओ. आकाशवाणीवर शाळांसाठी खास कार्यक्रम लागायचे. ज्या शाळेत संच होता तिथं पोरं रेडिओभोवती गोल करून बसायची. मुंबईला दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पण टीव्हीचा शिक्षणासाठी मोठा प्रयोग झाला १९७५-७६ मध्ये, ज्याला 'साइट' म्हणतात. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दिसला. सकाळी पोरांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी शेती-आरोग्याचे कार्यक्रम. सुट्टीच्या काळात याच टीव्हीवरून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षणही दिलं गेलं. आज ज्याला ऑनलाइन प्रशिक्षण म्हणतात, त्याचं हे मूळ.

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडं ही लाट आली ती इन्सॅट उपग्रह आल्यावर. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना ते नाव नक्की आठवेल. मराठी मुलांसाठी मराठी माणसांनी बनवलेले, मराठी मातीतले कार्यक्रम. गाणी, गोष्टी, विज्ञानाचे प्रयोग. दर्जा चांगला होता. अडचण दुसऱ्या टोकाला होती. कार्यक्रम लागायच्या वेळी शाळेत वीज पाहिजे, अँटेना सरळ पाहिजे, वर्गाचं वेळापत्रक जुळलं पाहिजे. हे सगळं जुळायचं कधीतरीच. संच बिघडला तर दुरुस्तीचा पैसा कुठल्या शीर्षाखाली टाकायचा हे कुणाला माहीत नसायचं. मग टीव्ही कपाटात जायचा. बालचित्रवाणीचंही शेवटी तेच झालं. केंद्राचं अनुदान थांबलं, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद करण्यात आली. गंमत बघा, तीन वर्षांनी कोरोना आला आणि मराठीतून टीव्हीवर शिकवणाऱ्या संस्थेची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच पडली.

१९८७ मध्ये आली 'खडू-फळा मोहीम'. शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं किमान सामान, एवढी साधी मागणी होती ती. सामानात गणिताची पेटी आली, विज्ञानाची पेटी आली. बऱ्याच शाळांत त्या पेट्यांना वर्षानुवर्षं हवा लागली नाही. कारण साधं होतं. पेटी डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली. काही फुटलं, हरवलं तर भरून कोण देणार? मुख्याध्यापक. मग कुलूप लावलेलं बरं. लोक त्याला शिक्षकांचा आळस म्हणायचे. खरं तर वस्तू वापरली तर दंड आणि नाही वापरली तर कुणी विचारत नाही, असा तो नियम होता. दोष त्या नियमाचा होता.

संगणकाचीही तीच कहाणी. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला. देशातल्या सुमारे २५० शाळा निवडल्या आणि ब्रिटनहून आलेली बीबीसी मायक्रो नावाची यंत्रं तिथं बसवली. सोबतचे बरेच कार्यक्रमही तिकडचेच होते. आपल्या प्राथमिक शाळांपर्यंत त्यातलं काही पोचलंच नाही. माध्यमिक शाळांत पुढं संगणक खोल्या झाल्या, पण ठेकेदारीवर. पाच वर्षांचा करार, कंत्राटी संगणक शिक्षक. करार संपला की शिक्षक घरी आणि खोलीला कुलूप. आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या हायस्कुलात जाऊन बघा, पांढरे पडदेवाले जाड मॉनिटर अजून धूळ खात असतील.

मग २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी हा शब्द घराघरात गेला. सरकारी नोकराला ही परीक्षा सक्तीची झाली. पन्नाशीतल्या गुरुजींनी आपल्याच माजी विद्यार्थ्याच्या संगणक केंद्रात फी भरून माउस धरायला शिकलं. ही फी त्यांनी स्वतःच्या खिशातून भरली. २००७ अखेरच्या मुदतीत जे पास झाले नाहीत त्यांच्या वेतनवाढी रोखण्याची आणि वसुलीची प्रकरणं पुढं कितीतरी वर्षं चालली. तरीही एक मान्य करावं लागेल. त्या परीक्षेमुळं महाराष्ट्रातला प्राथमिक शिक्षक संगणकाला घाबरायचा थांबला. पुढच्या दहा वर्षांत जे झालं त्याची तयारी तिथं झाली.

आणि पुढच्या दहा वर्षांत जे झालं ते खरोखर मोठं होतं. वरून काही यायची वाट न बघता शिक्षकांनी स्वतःच यंत्रं आणली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची आदिवासी वस्तीतली शाळा टॅबवर शिकवणारी शाळा म्हणून राज्यभर गाजली. बघायला गाड्या भरून शिक्षक जायचे आणि परत येऊन गावाला सांगायचे की आपल्याकडंही असं करू. लोकवर्गणी सुरू झाली. शिक्षण खात्याच्या भाषेत त्याला 'शैक्षणिक उठाव' म्हणतात. कुणी यात्रेच्या वर्गणीतून प्रोजेक्टर दिला, कुणी वाढदिवसाचा खर्च टाळून टॅब दिला. पहिली देणगी बहुतेक ठिकाणी गुरुजींचीच असायची. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकात क्यूआर कोड चिकटवले. कोड स्कॅन केला की त्या कवितेची चाल ऐकू येणार, धड्याचा व्हिडिओ दिसणार. नंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले, एनसीईआरटीच्याही पुस्तकांत आले. ३ डिसेंबर २०२० ला डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

या काळात शेकडो शिक्षकांनी ब्लॉग काढले, वर्कशीट बनवल्या, बोलीभाषेतले व्हिडिओ बनवले. बहुतेकांना एक पैसाही मिळाला नाही. इथं यंत्र कपाटात गेलं नाही. कारण ते डेडस्टॉकचं नव्हतं. गरज शिक्षकाला वाटली होती आणि पैसा गावाचा होता.

पण याच वर्षांत दुसरीही एक गोष्ट सुरू झाली होती, आणि ती समजली तर आजची तक्रार समजते.

२२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, हे त्याचं उद्दिष्ट. त्याच वर्षी 'सरल' ही प्रणाली आली. प्रत्येक मुलाची, शिक्षकाची आणि शाळेची माहिती ऑनलाइन भरायची. सुरुवातीला सांगितलं होतं की एकदा माहिती भरली की पुन्हा पुन्हा कागद मागितले जाणार नाहीत, म्हणून तर नाव 'सरल'. दिवसा सर्व्हर चालायचा नाही. म्हणून शिक्षक रात्री बारानंतर, पहाटे चारला उठून माहिती भरायचे. नेट कॅफेवाल्यांचा तो सुगीचा काळ होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर आदेश निघाला की जानेवारीपासून दर सोमवारी शिक्षकांनी मुलांबरोबर सेल्फी काढून वर पाठवायचा, म्हणजे गळती कळेल. राज्यभर टीका झाली आणि तो आदेश मागं पडला. पण त्यातला विचार मागं पडला नाही.

पूर्वीची यंत्रं शाळेत काहीतरी आणायची. रेडिओनं आवाज आणला, टीव्हीनं चित्र आणलं, क्यूआर कोडनं कवितेची चाल आणली. २०१५ नंतर जी साधनं सरकारकडून आली त्यातली बहुतेक शाळेतून काहीतरी वर नेण्यासाठी आहेत. किती मुलं आली, किती जेवली, किती तांदूळ उरला, झाड लावलं का, शपथ घेतली का, फोटो कुठं आहे. कॅटलॉग कपाटातून निघून शिक्षकाच्या खिशात आला. साहेबाला आता शाळेपर्यंत यावं लागत नाही. त्यामुळं त्याला गळकं छप्परही दिसत नाही, कारण छपराचा रकाना वर्षातून एकदाच भरायचा असतो.

मधे कोरोना आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. सरकारनं घोषणा दिली, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू'. 'असर'च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी तेव्हा स्मार्टफोन होता. दोनच वर्षांपूर्वी, २०१८ मध्ये, हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. वाढ मोठी होती. पण घरात फोन असणं आणि तो पोराच्या हातात असणं यात फरक होता. फोन बापाबरोबर सकाळी कामाला जायचा आणि संध्याकाळी परत यायचा, तोवर बॅटरी संपलेली असायची. २० जुलै २०२० पासून एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं बनवलेली 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवर लागली. ज्यांच्याकडं फोन नव्हता त्यांच्यासाठी शिक्षक वस्तीवर गेले, ओट्यावर शिकवलं, झाडाखाली शिकवलं. सोलापुरातल्या नीलमनगरमध्ये कामगार वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. पोरानं घराबाहेर यायचं, भिंतीसमोर उभं राहायचं आणि वाचायचं. नेटवर्क लागत नाही, रिचार्ज लागत नाही.

त्या दोन वर्षांत शिक्षकानं स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा, स्वतःचं पेट्रोल वापरलं. आणीबाणी होती, म्हणून कुणी हिशेब मागितला नाही. आणीबाणी संपली, शाळा उघडल्या. पण स्वतःचा फोन आणि स्वतःचा डेटा वापरायची ती सवय व्यवस्थेनं कायमची गृहीत धरली. त्यासाठी कुठं वेगळा आदेश काढावा लागला नाही.

आता आपल्या भागातल्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेचा दिवस बघा. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. त्यातले एक मुख्याध्यापकाचं कामही बघतात. सकाळी परिपाठ झाला की हजेरी. आधी कॅटलॉगवर, मग मोबाईलवर. २०२३ च्या अखेरीपासून चॅटबॉटवर हजेरी भरायला सांगितलं गेलं. दुपारी पोषण आहाराचा आकडा ॲपवर. रेंज नसेल तर शाळेच्या गच्चीवर किंवा रस्त्याच्या वळणावर जाऊन. दरम्यान व्हॉट्सअ‍ॅपवर 'टपाल' येतं. केंद्राचा ग्रुप वेगळा, तालुक्याचा वेगळा, पोषण आहाराचा वेगळा, निवडणुकीचा वेगळा. 'तात्काळ', 'आजच्या आज', 'चार वाजेपर्यंत लिंक भरावी'. माहिती द्यायला काहीच नसेल तरी 'निरंक' म्हणून अहवाल द्यावाच लागतो. यू-डायस प्लस भरा, अपार आयडी काढा, प्रशिक्षणाचा व्हिडिओ पूर्ण बघा म्हणजे प्रमाणपत्र निघेल. यातलं प्रत्येक काम एकेकटं बघितलं तर पाच-दहा मिनिटांचं आहे. पण चार वर्गांना दोन माणसं असताना त्यातला एक वळणावर रेंज शोधत उभा असतो, तेव्हा दुसऱ्याच्या अंगावर चारही वर्ग असतात.

आणि हे भरलं नाही तर? इथंच खरी अडचण आहे. आता संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर ठरतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या पोराच्या आधारवर जन्मतारीख चुकली, नावात एक वेलांटी इकडची तिकडं झाली, तर ते पोर वर्गात रोज बसून सुद्धा मोजणीत येत नाही. दोन-चार पोरं अशी गळाली तर शिक्षकाचं पदच जातं. म्हणून गुरुजी पालकांना घेऊन आधार केंद्रावर रांगेत उभे असतात. त्यांना ते आवडतं म्हणून नाही. नाही गेले तर शाळा एकशिक्षकी होईल, ही भीती आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळंच ऑनलाइन वाईट आहे असं म्हणणारा शिक्षक मला भेटलेला नाही. २७ फेब्रुवारी २०१७ च्या धोरणानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या. त्याआधी बदलीच्या मोसमात जिल्हा परिषदेच्या आवारात काय चालायचं हे आम्ही पत्रकारांनी जवळून पाहिलंय. डोंगरातल्या शाळेत पंधरा-पंधरा वर्षं अडकलेल्या शिक्षकांना त्या प्रणालीमुळं खाली उतरता आलं. पगाराच्या 'शालार्थ' प्रणालीबद्दल तक्रारी आहेत, पण कागदी बिलं घेऊन तालुक्याला खेपा घालायचे दिवस परत यावेत असं कुणी म्हणत नाही. यंत्रामुळं काम कमी होतं तेव्हा शिक्षक ते आनंदानं वापरतो. आज अडचण अशी की जुना कागदही सुटला नाही आणि वर नवा मोबाईलही आला. हजेरी दोनदा, पोषण आहार दोनदा. 'सरल'नं जे आश्वासन दिलं होतं ते दहा वर्षांनीही पूर्ण झालेलं नाही.

म्हणूनच सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यभरातले शिक्षक रस्त्यावर आले तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिची बातमी थोडी झाली. कितीतरी जिल्ह्यांत शिक्षक कार्यालयीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडले. मागण्या संचमान्यतेच्या आणि कंत्राटी भरतीच्या होत्या. पण निषेध करायला त्यांना ग्रुप सोडणं सुचलं, यातूनच रोजचा जाच कुठं आहे ते कळतं.

शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याचं कलम २७ स्पष्ट सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. पण लिंक भरणं, फोटो चढवणं हे शैक्षणिक की अशैक्षणिक? कायदा झाला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्यामुळं ही कामं त्या कलमाच्या फटीतून आत आली आणि आतच बसली.

यावर आपण गावकरी काय करू शकतो? मोर्चा काढायची गरज नाही. त्याच कायद्यानं प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. गेल्या महिन्यात शाळेच्या वेळेत किती लिंक आणि किती ॲप भरावी लागली? त्यातली किती माहिती कागदावरही दुसऱ्यांदा दिली? आणि त्यासाठीचा फोन, डेटा, शाळेचं वीजबिल कुणी भरलं? ठराव करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. एका गावानं पाठवला तर फाईलला लागेल. तालुक्यातल्या पन्नास गावांनी एकाच महिन्यात पाठवला तर वर विचारणा होईल.

माझी साधी मागणी दोन ओळींची आहे. जी माहिती मोबाईलवर घेतली ती कागदावर मागू नका. आणि शाळेच्या वेळेत, म्हणजे परिपाठ ते सुट्टी, कुठल्याही ग्रुपवर 'तात्काळ' टाकू नका. चार वाजेपर्यंत भरायची लिंक पाच वाजल्यानंतर पाठवली तर मंत्रालय बंद पडणार नाही.

तोवर पुढच्या वेळी गुरुजी मोबाईलवर दिसले तर जवळ जाऊन स्क्रीन बघा आणि विचारा, "गुरुजी, काय भरताय?" एखादे वेळी ते खरंच रील बघत असतील, तेव्हा जरूर बोला. पण बहुतेक वेळा तुम्हाला गोल गोल फिरणारं चक्र आणि आपल्याच पोराचं नाव दिसेल. तुमच्या गावच्या शाळेत काय परिस्थिती आहे ते खाली लिहा. शिक्षक मित्रांना नाव देता येत नसेल तर इनबॉक्समध्ये लिहा, नाव बाहेर जाणार नाही.